कॉटखालून ऐकलेलं तत्त्वज्ञान

खून करायला निघालेला माणूस तुमच्या दारात उभा राहून विचारतो, "अमका घरात आहे का?" अमका तुमच्याच घरात, कॉटखाली आहे. तुम्ही काय सांगाल?

"नाही" म्हणाल. मीही म्हटलं असतं. पण मला हा प्रश्न पुस्तकात भेटलेला नाही. मी स्वतः कॉटखाली होतो आणि दारात आमचे सर उभे होते. ते "आहे" म्हणाले.

सर म्हणजे माझे घरमालक. अमरावतीत राजापेठेतल्या एका गल्लीत त्यांचं लहानसं दुमजली घर होतं, आणि वरची खोली ते परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलांना भाड्याने देत. मी पातूरहून आलो तेव्हा त्यांनी मला एकच प्रश्न विचारला.

"खोटं बोलतोस का?"

"नाही सर."

"हे पहिलं झालं," असं म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली.

त्यांनी चौतीस वर्षं कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं होतं. शेवटच्या काही वर्षांत वर्गात कधी दोन मुलं असत, कधी एक. एकही नसलं तरी सर तास घेत. "फरक एवढाच पडतो की प्रश्न कुणी विचारत नाही," असं ते सांगत, "आणि एरवी तरी कोण विचारत होतं?"

त्या घरात सर, सिस्टर आणि मी असे तिघं राहत होतो आणि चौथा एक म्हातारा होता. तो वारून दोनशे वर्षं झाली होती. युरोपात एक काळ असा आला की काही माणसं म्हणू लागली, राजा सांगतो किंवा धर्म सांगतो म्हणून काही मानायचं नाही, आपल्या बुद्धीने तपासायचं. हा त्यांच्यातला एक तत्त्वज्ञ. सर त्याचं नाव कधी घेत नसत. "आपला म्हातारा" म्हणत, जणू तो समोरच्या गल्लीत राहतो. मीही त्याचं नाव घेणार नाही. जे ओळखायचे ते ओळखतील, बाकीच्यांचं काही अडणार नाही.

म्हातारा जन्मभर एकाच गावात राहिला. लग्न केलं नाही. ठरल्या वेळेला फिरायला निघायचा, आणि त्याच्या पावलांवर गावातले लोक घड्याळं लावायचे, असं सर सांगत. सरही बरोबर साडेपाचला निघत. राजापेठेत त्यावर कुणी घड्याळ लावत नव्हतं, पण ते दिसले की कोपऱ्यावरचा चहावाला आलं ठेचायला घेई. सर याला मोठा सन्मान समजत.

सिस्टर म्हणजे सरांची बायको. मिशनच्या दवाखान्यात त्यांनी जन्मभर नर्सचं काम केलं होतं. सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणे आणि सरही तेच म्हणत. घर ख्रिस्ती होतं, सरांच्या आजोबांपासून. दर रविवारी सर आपल्या जुन्या स्कूटरवर सिस्टरांना चर्चला नेत. फाटकापाशी स्कूटर लावत, हेल्मेट हातात घेत आणि उपासना संपेपर्यंत बाहेर कडुनिंबाखाली उभे राहत. आत कधी जात नसत. अडतीस वर्षं हे असंच चाललं होतं.

हीही म्हाताऱ्याचीच चाल. तो विद्यापीठाचा प्रमुख असताना सगळ्यांची मिरवणूक घेऊन चर्चच्या दारापर्यंत जायचा आणि दार आलं की हळूच बाजूला व्हायचा.

"यायच्या म्हाताऱ्याले बायको नव्हती," सिस्टर मला म्हणत. "दाराशी सोडून द्याले त्याच्यासंगं होतं कोण? यायले तर मी हाय."

सिस्टरांचं मागणं मोठं नव्हतं. सरांनी शेजारी येऊन बसावं, एवढंच. चर्चमध्ये उजवीकडच्या रांगेत शेवटून तिसऱ्या बाकावर त्या बसत आणि शेजारच्या जागेवर आपली पर्स ठेवत. कुणी बसायला आलं की म्हणत, "बाहीर हाय, येऊन राह्यले." अडतीस वर्षं ते येऊन राहिले होते.

चर्चचे पाळकसाहेब सरांचेच विद्यार्थी. मूळचे शेंदूरजनाघाटचे, त्यामुळे हंगामात संत्र्यांची पेटी घेऊन घरी येत आणि येताना सरांना एकदा हटकत.

"सर, आत या ना. मागच्या बाकावर नवा पंखा लावलाय."

"पंख्यासाठी आलो तर चालेल?"

"मला चालेल, सर."

"मला नाही चालणार," सर म्हणत आणि संत्रं सोलायला घेत.

म्हाताऱ्याचा विचार आणि ख्रिस्ती धर्म यांचं जमतं की नाही, यावर सरांना एक पुस्तिका लिहायची होती. वीस वर्षांत एक कागद झाला होता. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्यांनी दोन रकाने आखले होते. एकावर "जमतं", दुसऱ्यावर "जमत नाही". माणसाचा वस्तूसारखा वापर करू नये, हे "जमतं"मध्ये. कितीही अडचण आली तरी खोटं बोलू नये, हेही. प्रार्थना करून देवाचं मन वळवता येत नाही, हे "जमत नाही"मध्ये. त्याच रकान्यात सरांनी लिहिलं होतं, "एकट्याने प्रार्थना करताना कुणी पाहिलं तर माणूस लाजतो." त्याखाली लाल पेनाने सिस्टरांनी लिहिलं होतं, "मी नाई लाजत."

पण "जमत नाही"मधली पहिली ओळ सरांनी दोनदा अधोरेखित केली होती. एकाचा दोष दुसऱ्याला उचलता येत नाही. "आत काय म्हणतात?" ते मला समजावत. "आमचं पाप प्रभूने स्वतःवर घेतलं. म्हातारा म्हणतो, दोष माणसाच्या आत भिनलेला असतो. तो काढून दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवायला ते काही पोतं नाही. चांगलं व्हायचं तर ज्याचं त्याने व्हायचं. आता मी आत जाऊन आमेन म्हटलं, तर खोटं बोललो."

"मंग आमेन म्हणू नका," आतून सिस्टर म्हणत. "नुस्ते बसा."

"नुसतं बसणं म्हणजे गप्प राहून आमेन म्हणणं."

"पर्स बसते थे काय म्हणते मंग?"

यावर सर साडेपाचची वाट पाहत.

मला सरांचं हे उभं राहणं फार आवडायचं. माझ्या घरात देव नाही. आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हा तो बाहेर ठेवला आणि परत आणायला कुणी गेलं नाही. इतरांचे वडील गावाहून खाऊ आणत, माझे वडील नागपूरहून सोळापानी पुस्तिका आणत. "जागे व्हा" हे शब्द मी "कमळ" आणि "बदक" यांच्या आधी वाचले. तेव्हा चर्चच्या दारात जाऊन आत न जाणारा माणूस मला सापडला, म्हणजे मला पत्रकाचा विषयच सापडला होता. पण त्याआधी दुसरंच एक पत्रक मी लिहून बसलो.

राजापेठेत एका क्लासचं भलंमोठं फ्लेक्स लागलं होतं. परीक्षा पास झालेल्या पाच जणांचे फोटो, खाली "आमचे विद्यार्थी". त्यातली एक मुलगी अकोल्याची, माझ्या मावशीच्या शेजारची. मी तिला गाठलं. "मी कायची तिथं शिकली?" ती म्हणाली. "निकाल लागल्यावर सत्काराले बलावलं. शाल देल्ली, फोटो काढला, झालं." आणखी एकाला फोन केला, त्याचीही तीच शाल. माझं डोकं फिरलं. त्या फ्लेक्सवर विश्वास ठेवून गावाकडची पोरं आईचे दागिने मोडून फी भरत होती. मी बारा ओळींचं पत्रक लिहिलं, पाचशे प्रती काढल्या आणि प्रत्येक अभ्यासिकेत, रसवंतीवर, झेरॉक्सच्या दुकानात ठेवल्या. खाली लिहिलं, "एक जागरूक विद्यार्थी".

सातवी ओळ अशी होती: "या पाचांतले चार जण या क्लासची पायरीही चढलेले नाहीत."

मला दोघांचं माहीत होतं. आधी मी दोनच लिहिलं होतं, पण ती ओळ लुळी वाटली. चार लिहिलं आणि ती ताठ उभी राहिली. मला तेव्हा याचा अभिमान वाटला होता, हेही सांगून टाकतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास खाली गाडी थांबली. क्लासचे मालक, ज्यांना सगळे डायरेक्टर म्हणत, दोन दणकट माणसं घेऊन उतरले. झेरॉक्सवाल्याने माझं नाव सांगितलं असणार. मी गॅलरीतून पाहिलं आणि दुसऱ्या क्षणी लोखंडी कॉटखाली होतो. खिडकी उघडी होती, त्यामुळे खालचं सगळं ऐकू येत होतं.

"सर, तुमच्या इथी पातूरचा एक पोट्टा राह्यते ना?"

"राहतो."

"हाय का आत्ता घरात?"

सर काय म्हणणार हे ओळखून मी म्हाताऱ्याला, त्याच्या गावाला आणि त्या गावातल्या सगळ्या घड्याळांना शिव्या दिल्या.

"आहे," सर म्हणाले.

"कुठी?"

"वर. तुमची गाडी वाजली तशी पावलं पळाली. कॉटखाली असेल बहुतेक."

"मंग सरका बाजूला."

"ते नाही जमणार."

"कावून? तुमीच तं सांगून राह्यले का वर हाय म्हणून."

"तुम्ही विचारलंत, मी खरं सांगितलं. बाजूला सरकायला म्हाताऱ्याने सांगितलेलं नाही."

"कोनता म्हातारा? आनखी कोनी हाय का घरात?"

"तो वारला. दोनशे वर्षं झाली."

डायरेक्टरांनी वर तोंड करून पत्रक हलवलं असावं, कारण आवाज थेट खिडकीतून आला. "चार कुठून आनले बे? चार? दोन होते, दोन." गल्लीतल्या खिडक्या उघडल्याचे आवाज आले. मग काहीतरी फाडकन वाजलं आणि चष्मा फरशीवर पडल्याचा आवाज झाला. डायरेक्टरांचा हात ढकलायला उठला होता की मारायला, हे मला आजही सांगता येणार नाही. पण म्हाताऱ्या प्राध्यापकाच्या गालावर, भरदुपारी, अख्ख्या गल्लीसमोर तो बसला होता. डायरेक्टर स्वतःच घाबरले. गाडी सुरू झाली आणि गेली.

मी खाली आलो तेव्हा सिस्टर रुमालात बर्फ गुंडाळून सरांच्या गालावर धरत होत्या. सरांनी एकच काच उरलेल्या चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं.

"दोन?" ते म्हणाले.

"सर, मुद्दा खरा होता."

"खरा होता तर त्याला खोट्याचा टेकू कशाला? भर रस्त्यात दोन तर त्याने स्वतःच कबूल केले. तू दोन लिहिले असतेस तर त्याला बोलायला तोंड नव्हतं." मग म्हणाले, "आणि खाली नाव नाही. तू कॉटखाली आज गेलास असं वाटतंय तुला. तू तीन दिवसांपासून तिथंच आहेस."

पण सिस्टरांना या विषयात रस नव्हता.

"थे राहू द्या," त्या म्हणाल्या. "मले सांगा, थप्पड कोनाची होती?"

"याची," सर म्हणाले.

"आन् गाल कोनाचा हाय?"

सरांनी बर्फाचा रुमाल त्यांच्याकडून आपल्या हातात घेतला.

"अडतीस वर्सं मले सांगून राह्यले, एकाचं दुसऱ्याले घेता येत नाई. मंग हे काय घेऊन बसले तोंडावर?"

"मी मार घेतला, सिस्टर. दोष नाही घेतला. दोष अजून याच्यापाशीच आहे. विचार त्याला."

सिस्टर माझ्याकडे वळल्या. "हाय का बे?"

"आहे," मी म्हणालो. त्या घरात दुसरं उत्तर देण्याची सोय नव्हती.

पुढचे दोन दिवस सर कपाट उघडून त्या पहिल्या ओळीसमोर उभे राहत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला खाली बोलावलं.

"प्रश्न असा आहे," ते वर्गात बोलत तसं बोलू लागले. "सिस्टर म्हणते, दुसऱ्याने तुझ्यासाठी सोसलं तर तुझ्यात काही बदलतं. म्हातारा म्हणतो, बदलायचं ते तुझं तुलाच. तपासायला आपल्याकडे तूच आहेस. ती सातवी ओळ तू आपल्या नावाने परत घेतलीस, तर माझ्या गालाचा काहीतरी संबंध होता हे मला मानावं लागेल. मग येत्या रविवारी मी आत जाऊन बसेन."

"आणि नाही घेतली तर?"

"तर बाहेर उभा राहीन. मला सवय आहे. पण सिस्टरला खूश करायला घेऊ नकोस. तसं केलंस तर धरणार नाही. खरं आहे म्हणून घ्यायची."

आता माझी अवस्था पाहा. ज्या माणसाचं बाहेर उभं राहणं मला आवडायचं, तो माझ्या खरेपणाने आत जाणार होता. त्याला बाहेर ठेवायचं तर मला खोट्याला चिकटून राहावं लागत होतं. एखाद्याला चर्चमध्ये पाठवण्याचं काम आमच्या घराण्यात कुणी केलेलं नव्हतं.

त्या संध्याकाळी सिस्टर मटणाचा डबा घेऊन जिना चढू लागल्या. सरांनी जिन्यातच अडवलं.

"ही लाच आहे."

"हे मटन हाय," सिस्टर म्हणाल्या.

शेवटी खाली बसून तिघांनी खाल्लं, आणि जेवताना रविवारचा विषय काढायचा नाही असं ठरलं. सिस्टरांनी तो काढला नाही. फक्त सगळ्या नळ्या माझ्या ताटात वाढल्या.

मी वडिलांना फोन केला आणि सगळं सांगितलं. चर्चचं सांगताना आवाज जरा बारीक केला. त्यांनी ते ऐकलंच नाही, किंवा ऐकून सोडून दिलं.

"दोन माहीत होते तं चार कावून लेह्यलं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आन् खाली नाव नाई टाकलं? आपल्या पेटीतली पुस्तकं पाह्य. एका तरी पुस्तकावर नाव नाई असं हाय का?"

चार पुस्तिका मी सोबत अमरावतीला आणल्या होत्या. काढून पाहिल्या. लेखकाचं नाव, छापणाऱ्याचं नाव, गाव, गल्ली, सगळं पहिल्याच पानावर. ज्या काळात या गोष्टी छापल्या म्हणून गावात पाणी बंद व्हायचं, त्या काळात माणसांनी घराचा पत्ता छापला होता. आणि मी एका क्लासवाल्याला भिऊन जागरूक विद्यार्थी झालो होतो.

दुसऱ्या दिवशी मी चार ओळींचं पत्रक काढलं. "आधीच्या पत्रकात सातव्या ओळीत चार लिहिलं होतं. मला खात्री दोघांचीच होती. दोन मी वाढवले, ही माझी चूक. बाकीच्या अकरा ओळी खऱ्या आहेत." खाली पूर्ण नाव, मुक्काम पातूर, सध्या राजापेठ. क्लाससमोर उभा राहून वाटलं. पहिली प्रत डायरेक्टरांनाच दिली. त्यांनी ती दोनदा वाचली.

"माफी मागून राह्यला का अजून पक्कं करून राह्यला बे तू?" ते म्हणाले. मग प्रतीची घडी घालत, "सर कसे हायेत?"

"चष्मा फुटला."

ते आत गेले. आठवड्याभरात फ्लेक्स बदललं. त्यावर विद्यार्थ्यांचे तीनच फोटो होते. रिकाम्या झालेल्या जागेत डायरेक्टरांनी स्वतःचा लावला होता.

सरांनी माझं पत्रक नव्या चष्म्यातून वाचलं. "कोणासाठी केलंस?"

"खरं सांगू? मला नीट माहीत नाही, सर."

"बरोबर. आपला हेतू माणसाला पुरता कधी कळत नाही, असं म्हातारासुद्धा म्हणतो." त्यांनी कागदाची घडी घातली. "धरू हे."

रविवारी मी सायकलने त्यांच्या मागोमाग गेलो. फाटकापाशी सरांनी स्कूटर लावली, हेल्मेट काढलं आणि माझ्या हातात दिलं. सिस्टर नेहमीप्रमाणे मागे न पाहता आत गेल्या होत्या. सरांनी माझं पत्रक धरलं, हे त्यांना सांगितलं नव्हतं. सर कडुनिंबापाशी थांबले, मला वाटलं आता इथंच उभे राहतील. पण ते चालत राहिले, दारात चपला जराशा आपटून धूळ झाडली आणि आत गेले. मी त्यांच्या जागेवर, त्यांचं हेल्मेट घेऊन उभा राहिलो. तिथून आतलं दिसत होतं.

पाळकसाहेब शास्त्रपाठ वाचत होते. त्यांनी मान वर केली आणि ओळ चुकली. सगळ्या मंडळीने मागे वळून पाहिलं. सर शेवटून तिसऱ्या बाकापाशी जाऊन उभे होते. सिस्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पर्स उचलून मांडीवर घेतली, एवढंच.

गाणं सुरू झालं तेव्हा सर उभे राहिले, पण त्यांचं तोंड कधी हलायचं, कधी मिटायचं. जी ओळ पटायची तेवढीच ते गात होते.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "कसं वाटलं, सर?"

"पंखा खरंच आहे."

"चार ओळी गायले," सिस्टर पदराने डोळे पुसत म्हणाल्या.

"तीन," सर म्हणाले. "चार म्हणू नकोस."

त्यानंतर ते दर रविवारी आत गेले. कपाटातली ती अधोरेखित ओळ मात्र त्यांनी खोडली नाही. तिच्यापासून बाण काढून दोन्ही रकान्यांच्या मधल्या रेघेवर आणला आणि लिहिलं, "तपास चालू." आता सर नाहीत, सिस्टरही नाहीत. घर विकलं गेलं तेव्हा मी तो कागद मागून घेतला. तपास अजून चालूच आहे. मी आजही कुठल्या प्रार्थनाघरात जात नाही, पण लिहिताना एखादी ओळ लुळी वाटली की गालावर हात जातो.

आता तुमच्याकडे एक काम आहे. पहिल्या पत्रकाच्या पाचशे प्रती मी वाटल्या होत्या, दुरुस्तीच्या शंभरच निघाल्या. म्हणजे कुणाच्या वहीत, कुठल्या अभ्यासिकेच्या ड्रॉवरमध्ये ते चार अजून ताठ उभे असतील. तुम्हाला सापडलं तर सातव्या ओळीतलं "चार" खोडा आणि "दोन" लिहा. शेजारी तुमचं नाव घाला. निनावी दुरुस्ती सर धरत नसत.